डब्यावरचं हिरवं कमळ

माझ्यासोबत जेवायला कुणी बसत नाही, आणि त्यात लोकांची काही चूक नाही. वाढून होईपर्यंत मी टेबलावरच्या बाटल्या उलट्या करून वाचत असतो. सोया सॉसमध्ये गहू आहे का, फिशबॉलमध्ये मासा किती आणि पीठ किती. बायको सोडून गेली तेव्हा तिनं दिलेल्या कारणांत हे तिसरं होतं. पण काय करणार, पोटापाण्याचा धंदाच तो आहे. मी लेबलं तपासतो. आधी बिस्किटांची तपासायचो, मग नूडल्सची, आणि गेली पाच वर्षं अशा कोंबडीची, जी कधी अंड्यातून बाहेर आलेलीच नाही.

सिंगापुरात आता याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. कोंबडीच्या चार पेशी घ्यायच्या, पोलादी टाकीत खाऊपिऊ घालून वाढवायच्या, आणि जे तयार होईल ते पाकिटात भरायचं. कोंबडी मरत नाही. कंपनीतल्या आमच्या खात्याला नियम एकच कळतो: पाकिटावर खरं लिहायचं. मांस कशाचं आहे, ते पेशींपासून वाढवलं आहे, त्यात आणखी काय मिसळलं आहे, सगळं.

आमचा विक्रीप्रमुख डेस्मंड खू वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि पगारानं तेवढाच मोठा. त्याच्या डोक्यात एक दिवस आलं, की जीव गेलेला नाही तर पाकिटावर हिरवं कमळ छापायला काय हरकत आहे? शाकाहारी मालावर आमच्याकडे ते कमळ असतं. नवस-व्रतवाले दुकानात तेवढंच शोधतात.

"कुणाचं काय बिघडतं रे, क्वाँग?" तो म्हणाला.

मी त्याला दोन पानी टिपण लिहून दिलं. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'नवस पाळणारा माणूस बाकी काही वाचत नाही, ही खूण पाहतो आणि निश्चिंत खातो. त्या निश्चिंतपणाशी दगा करणं हा नुसता नियमभंग नव्हे.'

"तू लेबलं तपासतोस की प्रवचन देतोस?" डेस्मंड म्हणाला. पण कमळ छापलं गेलं नाही. ते टिपण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझी आई होती.

आईनं चव्वेचाळीस वर्षं मांस खाल्लं नाही, आणि त्यातली तेहेतीस वर्षं ती चिकन राइसच्या स्टॉलवर उभी होती. आम्ही हैनानी, म्हणजे मूळचे चीनमधल्या हैनान बेटावरचे. तोआ पायो वस्तीतल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, आजोबांनी स्टॉल घातला, बाबांनी चालवला. बाबा कोंबड्या उकडायचे आणि आई तोडायची, दिवसाला साठ. हात कोपरापर्यंत तेलकट, पण तिनं बोट कधी चाटलं नाही.

कारण मी. दोन वर्षांचा असताना मला मेंदूचा ताप आला. डॉक्टरांनी हात टेकले. आई इस्पितळातून उठली आणि वॉटर्लू स्ट्रीटवरच्या कुआन यिन देवीच्या देवळात जाऊन गुडघ्यांवर बसली. "मी मरेपर्यंत मांस खाणार नाही. हा मला राहू दे." तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. नवस करताना जे शब्द तोंडातून निघाले ते तिनं जसेच्या तसे पाळले, एक कमी नाही की एक जास्त नाही. देवळातल्या बायका म्हणायच्या, लसूणही सोडावा. आई म्हणायची, "लसणाचं बोलणं झालेलं नाही." मी कुणावर गेलोय ते यावरून कळावं.

मला साधी शिंक आली तरी ती हाताची मागची बाजू माझ्या कपाळाला लावायची. कपाळ थंड लागलं की म्हणायची, "हं." मी चाळिशी ओलांडली, टक्कल पडलं, तरी ते 'हं' चालूच होतं.

आता प्रश्न असा, की स्टॉलवर चव कोण घेणार? बाबांची जीभ सिगारेटनं जळून गेलेली. म्हणून शाळेत जायच्या आधी मला स्टुलावर उभं करायचे. आई कोंबडीचा एक तुकडा, चमचाभर रस्सा माझ्या तोंडात घालायची आणि मला घरच्या नावानं विचारायची, "आ बॉय, मीठ?" मी म्हणायचो, बरोबर आहे. किंवा म्हणायचो, चिमूटभर घाल. ती दुसऱ्यांदा विचारायची नाही. कित्येक वर्षं तोआ पायोनं जे खाल्लं ते माझ्या जिभेच्या भरवशावर खाल्लं. आईची जीभ मी होतो.

गेल्या वर्षी तिच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. वय त्र्याहत्तर. डॉक्टरांनी घरी पाठवलं. माझी थोरली बहीण ह्वी चू, जिला मी चेचे म्हणतो, तिच्याजवळच राहते. सगळं तीच करायची. घरी येणाऱ्या नर्सनं सांगितलं, "आता पथ्य नाही. मागतील ते द्या." पण आई काही मागेचना. चार चमचे पेज, की तोंड फिरवायची.

मग एका दुपारी खालच्या कॉफीशॉपमधून वास वर आला. आलं, लसूण, पांदानच्या सुवासिक पानांसोबत शिजलेला भात. आईनं डोळे उघडले.

"आ बॉय, तुझ्या बाबांची कोंबडी लागायची कशी रे?"

"मऊ," मी म्हणालो. "हाडाजवळ गोडसर. बर्फात बुडवायचे म्हणून कातडी घट्ट."

"माझ्या लक्षातच नाही. लग्नात खाल्ली होती. साठ साठ तोडल्या रोज..." ती जरा थांबली. "एकदा खावीशी वाटते." आणि लगेच स्वतःच लाजली. "म्हातारी चळली बघ!"

चव्वेचाळीस वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मला रडू आलं, आणि त्याच क्षणी वाटलं, अरे, जन्मभर लेबलं वाचली ती याच दिवसासाठी! जी कोंबडी मेलीच नाही ती माझ्याच ऑफिसात पडलीय.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट उघडपणे तिच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावला. इंग्रजीच्या खालची चिनी अक्षरं एकेक करून वाचली.

"'पेशींपासून वाढवलेली कोंबडी'. सगळी अक्षरं एका मापाची केलीयत."

"मी भांडून करून घेतली. त्यांना 'कोंबडी' मोठं हवं होतं आणि बाकीचं बारीक."

"शाबास." तिनं पाकीट मला परत दिलं. "म्हणजे ही कोंबडी."

"मा, पण ती मेली नाही."

"मग कुठंय?"

"असेल कुठंतरी, दाणे टिपत."

"असू दे बाई सुखात. हे बघ, मी देवीला 'मारलेलं खाणार नाही' असं नव्हतं म्हटलं. 'मांस खाणार नाही' म्हटलं होतं. हे मांस आहे का? तूच सांग, तुझाच धंदा आहे."

दोन पानं लिहिली होती मी याच्यावर.

"आहे," मी म्हणालो.

"झालं तर मग."

चेचे दारात उभी होती. ती म्हणाली, "देवीलाच विचारून ये ना." आई त्यावर नको म्हणाली नाही, आणि मला तेवढं पुरलं.

देवळात मी लाल लाकडाच्या त्या दोन चंद्रकोरी ओंजळीत धरल्या. एक पालथी आणि एक उताणी पडली तर देवी हो म्हणते. दोन्ही पालथ्या पडल्या तर नाही. मी विचारून टाकल्या. दोन्ही उताण्या. म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही हसली. शेजारी उदबत्त्या लावणाऱ्या आजीबाईंनी विचारलं, "असं विचारलंत तरी काय?" मी सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी तुम्हाला तरी कळलंय का काय ते? मग तिला विचारा."

घरी येऊन मी आईला खरं तेच सांगितलं.

"तीनदा हसली? मग प्रश्नच चुकलाय. सोड आता तो विषय."

सोडायला हवा होता. पण ती रोज दुपारी खिडकीकडे तोंड करून पडायची, आणि ते मला बघवायचं नाही. माणसाची बुद्धी वाईट हेतूनंच फिरते असं नाही. माझी अगदी चांगल्या हेतूनं फिरली. देवी हसली म्हणजे नाही तर म्हणाली नाही ना, असं मी मनाशी घोळवत राहिलो. जीव गेलेला नाही. आईला कळणार नाही. कुणाचं काय बिघडतं?

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातल्या छपाईयंत्रावर एक चिकटपट्टी काढली. वर हिरवं कमळ. खाली, 'शाकाहारी कोंबडी. सोयाबीन, गहू, मीठ.' अक्षरांचं माप पट्टीनं मोजून घेतलं. खोटं लेबलसुद्धा मी नियमानं केलं. आमच्या मालाचे तुकडे साध्या डब्यात भरले आणि पट्टी चिकटवली, सरळ, एक सुरकुती नाही.

चेचेला सांगितलं, नव्या शाकाहारी दुकानातून आणलंय. तिनं डबा घेतला आणि तशीच ओट्याकडे गेली. "वाच तरी," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं.

"तू आणलास ना? मग काय वाचायचं!"

तिनं भात केला, आईच्या पद्धतीनं, कोंबडीच्या चरबीऐवजी तिळाच्या तेलात. तुकडे वाफवले. आईला उशांना टेकवून बसवलं. आईनं डब्याकडे पाहिलं, कमळ पाहिलं आणि चॉपस्टिक्स उचलल्या. मी समोर स्टुलावर बसलो होतो.

पहिला तुकडा तोंडात गेला. दोन-तीनदा चावला आणि जबडा थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चावायला लागली, हळूहळू, आणि गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. महिन्याभरात एवढं तिनं खाल्लं नव्हतं. चेचेनं पदर नाही म्हणून बाहीनं डोळे टिपले.

"मीठ, मा?" मी विचारलं.

"बरोबर आहे."

तिनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, हात लांब केला आणि माझ्या कपाळाला लावला. बराच वेळ तसाच ठेवला. 'हं' म्हणाली नाही. ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. लिफ्टमधून खाली उतरताना मी शीळ घालत होतो.

गुरुवारी तिचा ऑफिसात फोन आला. आई ऑफिसात कधी फोन करत नसे. "डोकं दुखत नाही ना?" मी हसलो. शुक्रवारी दोनदा आला. "अंग मोडून आलंय का? खरं सांग." शनिवारी चेचे वैतागून म्हणाली, "दिवसभर तुझाच जप चाललाय. मला थर्मामीटर आणायला लावला तुझ्यासाठी. आणि सकाळी देवघरापुढे गुडघे टेकायला एकटीच उठली आणि पडली. चेहऱ्यावर रक्त नाही, आणि विचारतेय काय, तर आ बॉय आला का."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवस मोडला की माझा ताप परत येणार, ही तिची धास्ती होती.

रविवारी सकाळी चेचे बाजारात गेली तेव्हा मी आईच्या पलंगाशी बसलो. "मा, ते सोया नव्हतं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या घासाला. तेहेतीस वर्षं हातानं सोललीय रे ती. धागा कसा सुटतो ते मला कळत नाही होय?"

"मग थुंकून टाकायचं! पुढचे दोन कशाला खाल्लेस?"

"तू बघत होतास ना," ती म्हणाली.

मी तिच्या हातावर डोकं टेकलं. म्हणालो, मा, तुझा काही दोष नाही, मी केसानं गळा कापला तुझा. पाप असलंच तर ते माझं आहे. देवी तुला कशाला धरेल?

त्यावर ती चिडली. इतक्या आजारात तिला चिडलेली मी एकदाच पाहिली, ती तेव्हा. "तुझं? गाढवा, तुझ्यावर काही येऊ नये म्हणून तर चव्वेचाळीस वर्षं काढली! आणि तू आपल्या हातानं डोक्यावर घेऊन मला सांगतोस? मग मी केलं काय इतकी वर्षं?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

त्या दिवसापासून तिनं पेजही सोडली. फक्त भातावरचं पाणी. नर्स म्हणाली, शेवटी असंच होतं, अन्न नकोसं होतं. चेचेनं विश्वास ठेवला. खरं मला एकट्याला माहीत होतं. मी पाया पडलो, "मा, दोन घास खा." ती म्हणाली, "नवं वचन दिलंय तिला. छोटंसंच आहे. द्यायला तेवढंच उरलंय माझ्याकडे."

नऊ दिवस ती तशी राहिली. शेवटच्या दुपारी तिचा हात पांघरुणातून जरासा वर झाला आणि पडला. मी वाकून कपाळ तिच्या हाताला लावलं.

"थंड आहे," ती म्हणाली. तिला ते पटलं होतं की माझ्यासाठी म्हणाली, हे मला आता कधीच कळणार नाही.

आई गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, आमच्याकडे गेलेल्याला जेवू घालतात तेव्हा, चेचेनं घरी पान मांडलं. भात, चहा, तळलेला टोफू, आणि आईला आवडायची ती दुकानातली सोयाची कोंबडी, मी आणलेली. मी थोरला मुलगा, आणि एकटाच, म्हणून विचारायचं माझ्याकडे. उदबत्ती अर्धी जळाल्यावर मी देवळातल्या चंद्रकोरींच्या जागी दोन नाणी घेतली. "मा, जेवून झालं?" आणि टाकली. दोन्ही छापा. अजून झालं नाही. थांबून पुन्हा टाकली. दोन्ही काटा. पुन्हा. पुन्हा. सात वेळा टाकली, सातही वेळा दोन्ही सारखीच. उदबत्ती संपली, चेचेनं दुसरी लावली.

"सावकाश जेवतेय," ती म्हणाली.

पण मला दिसत होतं काय झालंय ते. पानातली कोंबडी माझ्या हातून आली होती, आणि ती हात लावत नव्हती.

मी स्वयंपाकघरातून रिकामं पाकीट आणलं आणि मोठ्यानं वाचू लागलो. "मा, सोयाबीन, गव्हाचं सत्त्व, तिळाचं तेल, मीठ, साखर. बाकी काही नाही. मी खाऊन बघितलंय. मीठ बरोबर आहे." मग पुढचंही बाहेर पडलं. "त्या बुधवारचं तसं नव्हतं. ती आमच्या टाकीतली कोंबडी होती. कमळ मी छापलं होतं. चेचेला माहीत नव्हतं. एकट्यानं केलं मी."

नाणी टाकली. एक छापा, एक काटा.

चेचेनं वाटी उचलली, मग पेला. दाराशी जाऊन थांबली. "थर्मामीटर त्यासाठी होता?"

"हो."

ती आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

आईनं मला माफ केलं असेल. नाण्यांनी तरी तसं सांगितलं. मी अजूनही दर रविवारी चेचेकडे जातो, हातात काहीतरी घेऊन. बिस्किटं, सुके मशरूम, कधी लोणचं. ती दार उघडते, ये म्हणते, चहा टाकते. मग चष्मा लावून पाकीट हातात घेते आणि वाचते. पुढून, मागून, बारीक अक्षरांतलंसुद्धा. तिला वाचायची कधी सवय नव्हती. तिचं होईपर्यंत मी उभा राहतो.

गेल्या रविवारी मी नुसती संत्री नेली. तिनं पिशवी घेतली, उलटी करून पाहिली, एक संत्रं हातात घेऊन फिरवलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"संत्रीच आहेत, चेचे," मी म्हणालो.